काकूंनी सांगितलेलं नाव

आमच्या सुमतीकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आत पाऊल टाकण्याआधी दारातल्या चपला बघायच्या. भरदुपारी पुरुषमाणसांच्या चपला दिसल्या की मला हळूच म्हणायच्या, "ह्या घरात काम नाय उरलं गो." काकू आमच्या गावच्या पोलीस पाटील. गावात काय शिजतंय ते ठाण्यावर कळवायचं, हे त्यांचं काम. पण निम्मा दिवस कुणाकडे तांदूळ पोचवायचे यातच जायचा.

महाडकडचा कारखाना बंद पडला आणि दारोदार चपला दिसू लागल्या. मुंबईला गेलेलेही काम सुटून परतले. ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, "गावात गडबड होईल का?" काकू म्हणाल्या, "रिकाम्या पोटी मानूस घरात तोंड लपवून बसतो, साहेब. पन वर कुनी डिवचलं, तर सांगता येत नाय."

डिवचलं ठेकेदारानं. कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यानं कमी पगारावर परराज्यातली पोरं आणली, आणि आमच्या पोरांना गेटवर तोंडावर सांगितलं, "तुम्ही आळशी." ती बाहेरची पोरं आमच्याच गावात भाड्यानं राहायची. संध्याकाळी देवळापाशी गावची पोरं जमली. ठेकेदार राहिला बाजूला, निघाली खोल्यांकडे. काकू वाटेत आडव्या झाल्या. "अरे, ती पन पोटासाठीच आलीत. त्यांना मारून तुमची चूल पेटनार हाय काय?" कोण ऐकतो? दारं फुटली, एकाचा हात मोडला. काकूंनीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. साहेब काकूंच्या ओटीवर बसले. "पुढे कोण होतं?" सगळं गाव अंगणाच्या कडेला उभं. काकू नाव घेणार नाहीत, याची मला खात्री होती.

"पुढं माझा महेश व्हता," काकू म्हणाल्या. "बाकीची त्याच्या मागनं गेली."

महेश तिथेच खांबाला टेकून उभा होता. मला काकूंचा असा राग आला, काय सांगू! अहो, आई ना तुम्ही? जीप गेल्यावर तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "मी गप ऱ्हायले असते, तर दिसेल त्या पोराला उचललं असतं त्यांनी. मग गाव थांबलं नसतं."

गाव थांबलं, हे खरं. लोक काकूंना आता देवमाणूस म्हणतात. महेश जामिनावर सुटला तो घरी न येता थेट मुंबईला गेला. काकूंनी पाटीलकी सोडली, आता त्या फक्त माझ्याकडे येतात. महेशचा मला फोन येतो. काकू समोरच असतात. मी म्हणते, "आईशी बोल रे." की फोन बंद.

"काम मिळालं काय त्याला?" काकू विचारतात.

मी हो म्हणते. अजून मिळालेलं नाही.