रेघांचा चेहरा

संग्रहालयात एका म्हातारीचं जुनं युरोपीय चित्र होतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. अर्धा चेहरा काळोखात, अर्ध्यावर खिडकीतलं ऊन. मी काचेला नाक लावून पाहिलं, तर पांढरा रंग कुठेच नव्हता. काळोख म्हणजे एकमेकींवर चढलेल्या दाट रेघा, आणि ऊन म्हणजे कोरणाऱ्याने हात न लावता सोडलेला कागद. शेजारी त्या रेघा होत्या, म्हणून तर तो कागद उजळला होता.

दुसऱ्याच दिवशी माझ्या एकसष्टीच्या पत्रिकेसाठी फोटो काढायला सून मला स्टुडिओत घेऊन गेली. फोटोग्राफरने माझा चेहरा कॉम्प्युटरवर मोठा केला.

"काकू, डोळ्यांखालचं काळं आणि या सुरकुत्या काढून टाकतो. मस्त उजळ दिसाल."

बघता बघता माझं अर्धं कपाळ गुळगुळीत झालं. तिथे उजेड काही आला नाही, नुसता कोरा कागद उरला.

"आधी होतं तसं करा," मी म्हणाले.

"अहो आई, हल्ली सगळेच करून घेतात," सून कुजबुजली.

"करू देत. साठ वर्षं पुसूनच टाकायची, तर मग एकसष्टी कसली करताय?"