एका ओळीत सांडलेला प्रोग्राम

बारामतीला स्टँडजवळ खताच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी भवानीनगरहून एस.टी.नं यायची. वडील कारखान्यात फिटर, त्यामुळं पोरगी यंत्रापुढं बसते याचं त्यांना कौतुक. आईला मात्र कोडं पडलेलं, की दारात चपला काढायला लावतात तर आत देव कुठला ठेवलाय.

क्लासच्या वाढदिवसाला सरांनी पालकांना बोलावलं. पाहुणे म्हणून गाळ्याचे मालक, तात्या. माझा प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवायचा ठरला. पडद्यावर चांदण्यांची चौकट आणि आत इंग्रजी अक्षरांत 'सुस्वागतम्' उमटायचं, एवढंच त्याचं काम. सरांनी मला न विचारता तो फ्लॉपीवर घालून पुण्यातल्या भाच्याकडं 'जरा पॉलिश करायला' धाडला. भाच्याचा कॉम्प्युटर वेगळ्याच जातीचा होता.

फ्लॉपी परत आली ती कार्यक्रमाच्या दिवशीच. पालकांसमोर सरांनी नोटपॅडमध्ये फाइल उघडली. ओळीखाली ओळ, नीट समास सोडून लिहिलेला माझा प्रोग्राम एकाच ओळीत सांडला होता. जिथं ओळ संपायची, तिथं एकेक काळा चौकोन. ओळ संपल्याची भाच्याच्या यंत्राची खूण आमच्या यंत्राला कळत नव्हती, हे पुढं कितीतरी वर्षांनी समजलं. तेव्हा वाटलं, पुण्याला काय जाऊन आला, आम्हाला ओळखेनासा झाला!

सर डगमगले नाहीत. "ही ॲडव्हान्स पद्धत. पुण्यात आता असंच लिहितात."

"मग वाचा की," तात्या म्हणाले.

सर वाचत वाचत पडद्यावर उजवीकडं सरकत राहिले. ओळ काही संपेना.

"आवो, इंदापूर आलं का न्हाय अजून?" तात्यांनी विचारलं.

पालक हसले. मला राहवेना. मी उठून म्हणाले, "सर, ॲडव्हान्स नाही, मोडलाय तो."

"तू खाली बस!"

"तिला तितंच बसवा," तात्यांनी सरांच्या खुर्चीकडं बोट केलं.

मी बसले. चौकोन खोडायचा, एंटर मारायचा, पुढच्या चौकोनाकडं जायचं. राग कामाला येत होता. सर मागून सांगायचे, "इथं एंटर दे." एकदा ऐकलं आणि 'सुस्वागतम्'चेच दोन तुकडे झाले. ते जोडून घेतले आणि त्यानंतर ऐकलं नाही. कंटाळून बाकीचे पोह्यांकडं गेले. तात्या आणि आईवडील तेवढे थांबले.

"एवढी पुसापुशी करायची, तर आधीच नीट ल्ह्यायचं न्हाय का?" आई म्हणाली.

"नीटच लिहिलं होतं!" मी अशी ओरडले, की खताचा दुकानदार जिना चढून वर आला.

शेवटी प्रोग्राम चालला. चांदण्या उमटल्या, मधोमध अक्षरं आली. तात्यांनी टोपी सारखी केली, उभं राहून पडद्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "आता कसं! चला, आता आमी बी पोहं खातो."

सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी, माझ्याकडं न बघताच, सकाळची बॅच शिकवायला घे म्हणाले. घरी येऊन सांगितलं, तर आई चुलीपुढून म्हणाली, "भांडल्यावर नोकरी देत्यात व्हय? मग आधीच न्हाय का भांडायचं!"