पंप कुणी हलवला?

आमच्या ह्यांना सगळे ‘उलटतपासणी’ म्हणतात. तोंडावर मिस्त्री, पाठ वळली की उलटतपासणी. मी मात्र तोंडावरच म्हणते, मला कुणाची भीती?

जुन्या डिझेल गाड्यांचे फ्युएल पंप दुरुस्त करणं हा ह्यांचा धंदा. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, ‘मिस्त्री, गाडी फार धूर टाकते,’ की हे विचारणार, ‘कोण म्हणतं?’ ‘अहो, मी म्हणतोय!’ ‘तुम्ही तर स्टिअरिंगवर होतात. मागे कोण बघत होतं?’ घरीही तीच तऱ्हा. किती वाजले ते सांगा, हे आधी मनगटाकडे बघणार, मग मोबाइलकडे, मग शेजाऱ्याला विचारणार. संसार कसा केला ते माझं मला माहीत.

पण धंद्यात ह्याच संशयावर आमचं घर चालतं, हेही कबूल करायला हवं. डिझेल इंजिनात डिझेल नेमक्या क्षणी पडावं लागतं. जरा उशिरा पडलं की ते नीट जळत नाही, गाडी ओढत नाही आणि टाकी बघता बघता रिकामी होते. कंपनीने पंपावर आणि इंजिनावर एकेक रेघ मारलेली असते. दोन रेघा जुळवल्या की बाकीचे मिस्त्री हात पुसून मोकळे. हे नाहीत. ‘इंजिन जुनं झालं, आतले गिअर झिजले, की रेघ खोटं बोलते,’ म्हणतात. पंपाच्या डोक्यावर एक वाकडी नळी बसवतात, इंजिन हाताने हळूहळू फिरवतात आणि नळीतून डिझेलचा थेंब कधी थांबतो ते डोळ्यांनी बघतात. थेंब थांबला ती खरी वेळ. मग बोल्ट सैल करून पंप केसभर इकडे किंवा तिकडे. तेवढ्याने गाडीची भूक कमी होते.

आता माझ्या भावाचं सांगते. मला एकच भाऊ, धाकटा. आई गेली तेव्हा तो माझ्या कमरेला लागत होता, मीच त्याला लहानाचा मोठा केला. एका सिमेंटच्या दुकानदाराचा जुना ट्रक तो चालवायचा. ट्रक डिझेल फार खायला लागला आणि मालकाच्या डोक्यात बसलं की धाकटा वाटेत डिझेल काढून विकतो. आधी टोमणे, मग शिव्या. शेवटी मालक म्हणाला, ‘तुझ्या भावोजींना आण. इंजिनात दोष निघाला तर तू सुटलास. नाही निघाला तर चावी ठेव, आणि का काढलं ते मी साऱ्या ट्रकवाल्यांना सांगणार.’ डिझेलचोर असं नाव झाल्यावर कुणी हातात गाडी देतं का? धाकट्याला दुसरं काही येत नाही.

मी ह्यांना म्हटलं, ‘जा आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावा.’

‘तो डिझेल विकत नाही हे तुला कुणी सांगितलं?’

‘त्यानेच!’

‘झालं मग,’ असं म्हणून हे चहा प्यायला लागले. कप हिसकावून घ्यावासा वाटला मला.

तपासणीच्या दिवशी मी बरोबर गेले. न्यायची ह्यांची इच्छा नव्हती. मी विचारलंच नाही. गोदामामागच्या आवारात ट्रक उभा होता. मालक खुर्ची टाकून बसला होता, धाकटा टायरला टेकून उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ह्यांनी नळी बसवली, इंजिन फिरवलं, थेंब थांबला, आणि फ्लायव्हीलवरची, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकावरची, खूण बघून हे म्हणाले, ‘उशिरा आहे. चांगलंच उशिरा.’

माझा जीव भांड्यात पडला. मालकसुद्धा जरा वरमला. ‘म्हणजे इंजिनाचाच दोष?’

तेवढ्यावर थांबले असते तर ते आमचे हे कसले! पंपाजवळ डोकं घालून म्हणतात, ‘हा एवढा उशीर झिजेने होत नाही. हे बघा, सगळीकडे तेलमातीचा थर आहे आणि बोल्टांभोवतीच चकचकीत. पंप कुणीतरी हलवलाय. एवढ्यातच.’

असा राग आला म्हणता! अहो, घरचा माणूस बुडतोय आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर दगड ठेवताय? मालक ताडकन उठला. ‘चोरी लपवायला! गाडीच बिघडवून ठेवली, म्हणजे डिझेल कुठे गेलं म्हणून विचारायला नको!’

मी धाकट्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, केलं असेल का ह्याने?

‘मीच हलवला,’ धाकटा म्हणाला. ‘पण चोरी लपवायला नाही. रोज चोर चोर ऐकून कंटाळलो. म्हटलं, टायमिंग थोडं लवकर करावं, गाडी कमी पिईल, मालकांचं तोंड बंद होईल. तर उलट जास्तच प्यायला लागली. मग सांगायची हिंमत होईना. पंपाला हात लावायचा नाही अशी मालकांची सक्त ताकीद होती.’

‘लवकर?’ ह्यांनी कान टवकारले. ‘कसा फिरवलास, दाखव.’

धाकटा पुढे झाला, पंपाच्या डोक्यावर हात ठेवून त्याने तो इंजिनाच्या बाजूला ढकलल्यासारखं केलं. ‘असा आत. तुमच्या गॅरेजमध्येच बघितलंय, भावोजी. तुम्ही आत ढकललात आणि म्हणालात, आता लवकर झालं.’

‘अरे गाढवा! त्या इंजिनाला पंप डाव्या बाजूला होता. ह्याला उजव्या बाजूला आहे. इथे आत ढकललास की उशीर होणार!’

मालक हसला. ‘वा! काय नाटक आहे!’

‘नाटकं मी रोज बघतो,’ हे म्हणाले. ‘हा निव्वळ अडाणीपणा आहे.’

‘मग जामीन राहता? पंप नीट बसवून द्या. ह्यापुढे टाकीत एक बादलीभर जरी कमी निघालं तर तुम्हाला धरीन.’

आमचे हे सख्ख्या भावाला कधी जामीन राहिले नव्हते. मी म्हटलं, आता हात वर करणार. हे बोल्ट सैल करून पंप बाहेर ओढायला लागले आणि मान वर न करता म्हणाले, ‘राहतो.’

घरी येताना मला राहवेना. ‘म्हणजे पटलं ना तुम्हाला, माझा भाऊ चोर नाही ते?’

‘छे. मला काय माहीत? पूर्वीही विकत असेल आणि पंपही चुकून उलटा फिरवला असेल. दोन्ही होऊ शकतं.’

‘मग जामीन कशाला राहिलात?’

‘तुझा विश्वास आहे ना त्याच्यावर? मग झालं.’

बाई गं! ज्या माणसाने आजवर घड्याळावर विश्वास टाकला नाही, तो माझ्या विश्वासावर जामीन राहिला. आणि माझा विश्वास तर त्या आवारातच डगमगला होता. हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी मी डबा भरला आणि सरळ ट्रकपाशी गेले. धाकटा लांबच्या फेरीला निघाला होता. टाकी माझ्यासमोर भरली. मी दार उघडून केबिनमध्ये चढून बसले.

‘ताई, तू कुठे?’

‘तुझ्याबरोबर. बसून बसून कंटाळा आला घरी.’

तो हसला. पुढे पहिल्यांदा गाडी थांबली, तो चहाला उतरला, आणि मी पण उतरून टाकीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. हसणं गेलं. त्यानंतर जिथे जिथे थांबला तिथे तो स्वतःच मला हाक मारायचा, ‘ये, उभी राहा.’ मी जायचे. काय करणार, जामीन माझ्या जिवावर होता.

गाडी ओढायला मस्त झाली होती. चढावर धूर नाही. परत आलो तेव्हा मालकाने टाकीत काठी घालून बघितली. डिझेल आधीच्या फेऱ्यांपेक्षा किती तरी जास्त उरलं होतं. मालकाने चावी पुन्हा धाकट्याच्या हातात दिली. नोकरी वाचली, नाव वाचलं. मला रडूच आलं आनंदाने.

धाकट्याने केबिनमधून माझा डबा काढून आणून दिला.

‘ताई, भावोजींचं मला काही वाटलं नाही,’ तो म्हणाला. ‘त्यांचा स्वभावच तो, ते सगळ्यांना तपासतात. तू कधी तपासलं नव्हतंस.’

मी डबा घेतला आणि घरी आले. हे दारातच उभे होते. ‘टाकीत किती उरलं?’ म्हणून विचारलं त्यांनी.