छत्तीस मोजा, मगच बस सोडा!

टूरवरून घरी आले की बॅग रिकामी करायला मला अर्धा तास पुरतो. किस्से रिकामे करायला आठवडा लागतो, आणि तोवर पुढची टूर निघते. मग राहिलेले तसेच साठत जातात.

मी टूर लीडर आहे. कसबा पेठेत आमचं छोटंसं ऑफिस, दोन टेबलं आणि एक पंखा. तिथून छत्तीस माणसं घेऊन निघायचं, त्यांना समुद्र दाखवायचा, डोंगर दाखवायचे आणि छत्तीसच्या छत्तीस परत आणायची. आमच्या धंद्यात यश म्हणजे एवढंच. बाकी सगळं निसर्ग करतो!

*

विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर फिरून सगळे बसमध्ये येऊन बसले. मी मोजलं. सदतीस. पुन्हा मोजलं. सदतीस!

माणूस कमी भरला की काय करायचं, हे मला ठाऊक होतं. जास्त भरला की काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी शाळेसारखी हजेरी घेतली. मागच्या सीटवर एक गृहस्थ तोंडावर रुमाल टाकून गाढ झोपले होते. त्यांना उठवलं.

"काका, आपण आमच्या टूरमध्ये नाही आहात."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी नागपूरच्या ग्रुपमधला. आमच्या बसचा एसी बंद आहे."

त्यांचा टूर लीडर घामाघूम होऊन किनाऱ्यावर धावत होता. काकांना बघताच तो मटकन वाळूतच बसला. काका त्याला म्हणाले, "अरे, या उन्हात माणूस शोधायचा तर गार जागी शोधावा ना!"

*

कन्याकुमारी. गच्चीवर पहाटेपासून आमचा अख्खा ग्रुप उभा. हॉटेलच्या फळ्यावर सूर्योदयाची वेळ लिहिलेली, आणि समोर नुसते ढग! लोक एवढ्या लांबून आलेत, आज सूर्य दिसला नाही तर मला तोंड दाखवायला जागा नाही. मी मनातल्या मनात हात जोडत होते.

आणि एकदम ढगांच्या वर लालभडक सूर्य आला! सगळ्यांनी एकदम "अहाहा" केलं. माझा जीव भांड्यात पडला.

आमच्यातले दत्ताकाका एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग सूर्य.

"सात मिनिटं लेट."

"काका, ढग होते हो."

"कारणं सगळ्यांकडेच असतात," काका म्हणाले, आणि चहाला खाली गेले.

*

वाघोलीचे तात्या मूळचे शेतकरी. आता त्यांच्या शेतात सोसायट्या आहेत आणि तात्या त्यातल्याच एकीत राहतात. अलेप्पीला हाउसबोटीत बसल्यापासून ते एक शब्द बोलले नाहीत. सगळे फोटो काढतायत आणि हे नुसते पाण्याकडे बघतायत. बोट लागली की काय त्यांना, म्हणून मी जवळ गेले.

"तात्या, बरं वाटत नाहीये का?"

"बरं हाय की," तात्या म्हणाले, आणि मोठा सुस्कारा सोडला. "पोरी, ह्येंच्या दाराशी एवढं पानी, आन् आमच्या बिल्डिंगीला रोज टँकर!"

तेवढ्यात शेजारून पाण्याच्या कॅन रचलेली एक होडी गेली. मी सांगितलं, "तात्या, हे पाणी पिता येत नाही. इथल्या लोकांना प्यायचं पाणी त्या होडीतून येतं."

तात्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी ह्यो पान्यावरचा टँकरच की! मग ऱ्हाऊ दे. आपली वाघोलीच बरी!"

त्यानंतर त्यांनी तीन वेळा मासे मागून घेतले.

*

मुन्नारच्या घाटात मात्र माझी पाचावर धारण बसली होती. मार्केट यार्डातले बटाट्याचे व्यापारी गुलाबशेठ एकाएकी छाती धरून वाकले.

आमच्याबरोबर सुमनताई होत्या. येरवड्याच्या. चौतीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केलेल्या. त्या उठल्या, शेठची नाडी धरली आणि मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. बस सरळ दवाखान्यात घे." एरवी हातवारे करून ओरडणारे गुलाबशेठ लहान मुलासारखे त्यांचा हात धरून बसले होते.

दवाखान्यात ईसीजी झाला. नॉर्मल! डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"केळ्याचे वेफर्स."

"किती?"

"विकत एकही घेतला नाही," गुलाबशेठ म्हणाले. "रस्त्यात अकरा दुकानं लागली. प्रत्येकाचा माल चाखून बघत होतो."

सुमनताईंनी त्यांचा हात सोडला.

*

त्याच केरळच्या टूरला वसंतकाका होते. कोथरूडचे. बुकिंग दोघांचं, पण पुणे एअरपोर्टवर आले एकटेच. मी विचारलं, "काकू?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "ती आता नाहीये."

मी त्यांची बॅग स्वतःच उचलली. पुढे काही विचारवेना.

बसमध्ये काकांनी शेजारच्या खिडकीच्या सीटवर एक शाल घडी करून ठेवली. कुणाला बसू दिलं नाही. दुपारपर्यंत सगळ्या बसला कळलं. पुढच्या सीटवरून चाललेली भांडणं थांबली. बायका काकांच्या पानात आग्रहाने वाढायला लागल्या. काका सगळं संपवत होते. "दुःखात माणसाला भूक कळत नाही," सुमनताई मला हळूच म्हणाल्या.

कोवलमच्या किनाऱ्यावर सूर्य बुडत होता. काका जरा लांब होते, तेवढ्यात गुलाबशेठनी बाकीच्यांना गोळा केलं. "दोन मिनिटं शांत उभे राहू या. काकांना बरं वाटेल."

सगळे ओळीने उभे राहिले. समोर समुद्र, मागे माडांची रांग. तात्यांनी टोपी काढली. सुमनताई डोळे पुसत होत्या. काकाही येऊन सगळ्यांत पुढे उभे, हात जोडून, मान खाली घालून. दोन मिनिटं झाली तरी ते हललेच नाहीत. मग एकेकाने येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि न बोलता निघून गेला.

काका माझ्याजवळ आले. इकडे तिकडे बघून हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हां, बोल गं. नातीची परीक्षा झाली ना? मग उद्याच्या विमानाने निघ, तुझी खिडकीची सीट शाल ठेवून राखलीय... मी मजेत आहे गं! पण इथे आमच्यातलं कुणीतरी वारलंय. कोण ते कुणी सांगायलाच तयार नाही!"