बिनचूकरावांची तपासणी

माणसानं हट्टी असावं, पण त्याला काही सुमार? ज्याचा उभा जन्म दुसऱ्यांचे वजनकाटे तपासण्यात गेला, तोच माणूस बावन्नाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ओरडतो, "मला काही होत नाही, मला तपासायचं नाही!" आता अशा माणसाला काय म्हणावं?

बाजारात त्यांना सगळे बिनचूकराव म्हणत, आणि ते काही उगाच नाही. किराणावाला, औषधवाला, सोनार, सगळ्यांकडे ते वर्षातून एकदा वजनांची लाकडी पेटी घेऊन जात. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा सोनाराच्या काट्याला कळतो. आधी काटा सपाट बसलाय का ते बघायचं, मग चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघायचं, आणि प्रत्येक वजन तीनदा ठेवायचं. तीन आकडे आले की तिन्ही लिहायचे. दोन चांगले आले आणि एक वाईट, म्हणून वाईट खोडायचा नाही. एका सोनारानं एकदा "खोडा हो तेवढा" म्हटलं, तर त्याच्या दुकानाची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

दुकानदार वैतागायचे. "अहो, काटा झकास चाललाय की! कशाला उघडता?" यावर बिनचूकरावांचं उत्तर ठरलेलं. "झकास चाललाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? काट्यानंच ना?" दुकानदार मग गिऱ्हाइकाला थांबायला सांगायचा.

हेच वाक्य एक दिवस बायकोनं उचललं. ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून. चाळीस मास्तरांच्या रजांचे बहाणे रोज ऐकणारी बाई, तिला कोण बनवणार? ती म्हणाली, "तुम्ही ठणठणीत आहात हे कुणी सांगितलं? तुम्हीच ना?"

"काट्याला तोंड नसतं," बिनचूकराव म्हणाले. "मला आहे. दुखलं तर सांगेन."

"माझा दादा काय मुका होता?"

झालं. तिचा दादा म्हणजे गोदामाचा मुकादम, दणकट गडी, आयुष्यात कधी शिंकला नाही अशी त्याची ख्याती. मागच्या वर्षी दाढी करता करता बेसिनपाशी कोसळला. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. हॉस्पिटलात विचारलं, "यांना ब्लडप्रेशर होतं का?" तर घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कुणी कधी मोजलंच नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी गेला. तेव्हापासून बिनचूकराव बाथरूममध्ये जरा रेंगाळले की ही दारावर थाप मारायची, "अहो, आहात ना?" आतून उत्तर यायचं, "नाही, गेलो!" आणि मग अर्धा दिवस भांडण.

त्यात शेजारी निवृत्त हेडमास्तर. या गृहस्थांना तपासण्यांचा शौक. दर सहा महिन्यांनी सगळं अंग तपासून घ्यायचे आणि जाडजूड फाईल घेऊन जिन्यात लोकांना अडवायचे. "यंदा दोन नवीन गोष्टी निघाल्या!" हे ते अशा थाटात सांगायचे, की समोरच्यानं अभिनंदनच करावं. बिनचूकरावांनी त्यांना बघून जिनाच बदलला असता, पण जिना एकच होता.

शेवटी लेकीनं बाजी मारली. नोकरीला लागून तिला वर्ष झालं होतं. वडिलांच्या वाढदिवसाला तिनं एक लिफाफा हातात ठेवला. आत साठ तपासण्यांची पावती.

"लोक बापाला शर्ट देतात गं!"

"शर्ट तू घालत नाहीस, बाबा. आणि हे आता परत होत नाही, बरं का. तारीख ठरलीये."

बायकोचे डोळे भरून आले होते, आणि बिनचूकरावांना भांडण चालायचं, ते डोळे चालायचे नाहीत. त्यांनी अट घातली. "एकदाच जाईन. सगळं ठीक निघालं तर या घरात पुन्हा या विषयाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," बायको म्हणाली. "देवाशप्पथ."

ठरलेल्या दिवशी सकाळी उपाशीपोटी स्वारी लॅबमध्ये हजर. लिफ्ट बंद, तीन जिने चढून. रक्त काढून झालं, वजन झालं. (तिथला काटा तिरका बसलाय हे त्यांनी तिघांना ऐकवलं, एकानंही लक्ष दिलं नाही.) मग निळ्या कोटातल्या एका मुलीनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं आणि आकडा आला. एकशे अडुसष्ट, खाली शंभर.

खोटं कशाला सांगा, तो आकडा बघताक्षणी बिनचूकरावांना बेसिनपाशी पडलेला मेहुणाच दिसला. पण तोंडानं काय म्हणाले? "पट्टा ढिला बांधलायस. पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. एकशे चौसष्ट.

"मी जिने चढून आलोय. उपाशी आहे. पुन्हा घे."

आणि तिसऱ्या वेळी या बिनचूक माणसानं काय करावं? दंड खुर्चीच्या पाठीवर उंच टाकला. उंची बदलली की दाबाचा आकडा बदलतो, हे त्यांना त्या मुलीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. हात उंचावला की आकडा उतरतो. उतरला. एकशे अडतीस.

"हा लिही."

"काका, तिन्ही लिहायचे असतात ना?"

"माझी हयात मोजमापात गेली, पोरी. पहिले दोन चुकीचे होते. हा लिही."

बाहेर अजून अकरा जण उपाशी ताटकळत होते. मुलीनं लिहिला. वाटलं असेल, काका एवढं ठासून सांगतायत तर खरंच असेल. खरं सांगायचं तर बिनचूकराव घाबरले होते. आपण मेहुण्याच्या वाटेवर आहोत हे बायकोला कळलं तर ती हाय खाईल, ही एक भीती. आणि तिच्यापुढे हरावं लागेल, ही दुसरी. यातली कुठली मोठी होती ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

रिपोर्ट आला आणि खरा तमाशा पुढेच सुरू झाला. साठ तपासण्यांपैकी पाच ठिकाणी लाल अक्षरं. साठ ठिकाणी चाचपलं तर धडधाकट माणसातही दोनचार लाल निघणारच, हे बिनचूकराव कानीकपाळी ओरडून सांगत होते, आणि गंमत म्हणजे ते बरोबर सांगत होते. पण ऐकतो कोण! एक जीवनसत्त्व कमी, कसलंसं आम्ल जास्त, आणि सोनोग्राफीत यकृतावर एक बारीक डाग. डागाखाली लिहिलं होतं, "पुढील तपासणी करावी."

पोटाचे डॉक्टर म्हणाले, "बहुतेक काही नाही, पण खात्री करून घेऊ." मोठं स्कॅन केलं. त्यासाठी शिरेतून औषध सोडलं, त्यानं अंगभर गांधी उठल्या, आठ दिवस माणूस खाजवत बसला. डाग निरुपद्रवी निघाला. चला, सुटलो! छे, कसले सुटताय? त्याच स्कॅनमध्ये छातीच्या खालच्या कडेला एक ठिपका दिसला. छातीचे डॉक्टर म्हणाले, "बहुतेक काही नाही, पण खात्री करून घेऊ."

"पोट बघायला गेलो आणि छातीत निघालं!" बिनचूकराव जिन्यात हेडमास्तरांवर खेकसले. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर चक्क असूया होती. त्यांना ठिपका कधीच निघाला नव्हता.

तीन महिने असे गेले. बायको रजा टाकून प्रत्येक दवाखान्यात सोबत यायची, रांगेत बसून फाईल छातीशी धरायची. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं, ब्लाउज ढिले पडले. ठिपक्यासाठी तिनं जेवढी काळजी केली, तेवढी ठिपक्याची लायकी नव्हती. आणि बिनचूकराव? ते तपासण्यांच्या नावानं शंख करत होते. सकाळी उठल्यापासून डॉक्टरांना शिव्या, लॅबला शिव्या, लेकीच्या लिफाफ्याला शिव्या. पण चोराच्या मनात चांदणं! एकशे अडुसष्ट हा आकडा त्यांच्या डोक्यातून एक दिवस गेला नव्हता. प्रत्येक डॉक्टर फाईल उघडून ब्लडप्रेशरच्या ओळीवरून बोट फिरवायचा, "हे ठीक आहे" म्हणायचा आणि ठिपक्याकडे वळायचा. दर वेळी बिनचूकरावांचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. आज सांगू, उद्या सांगू. जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

छातीच्या डॉक्टरांनीही शेवटी सांगितलं, की जुनाच व्रण आहे, विसरून जा. तरी बायकोचं समाधान होईना. ती म्हणाली, "एकदा आपल्या जुन्या डॉक्टरीणबाईंना फाईल दाखवू, मग मी गप्प बसते." डॉक्टरीणबाई म्हणजे सत्तरीच्या, गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत दवाखाना, टेबलावर पाऱ्याचं जुनं यंत्र. लेकीच्या गोवरापासून या घराला ओळखणाऱ्या.

बाईंनी फाईल चाळली आणि त्या भडकल्याच. "हे सगळं कुणी करायला सांगितलं होतं? धडधाकट माणसाला साठ तपासण्या? धाप लागते का? वजन उतरलं का? काही त्रास?"

"काही नाही," बिनचूकराव जोरात म्हणाले. "मी हेच सांगत होतो!"

"तक्रार नसेल तर तुमच्या वयाला मोजक्या चार-पाच गोष्टी बघायच्या. साखर बघा, चरबी बघा, तंबाखू ओढतो का विचारा, घरात कुणाला काय झालंय ते विचारा. आणि सगळ्यात आधी ब्लडप्रेशर, त्याला ना सुई लागते ना स्कॅन. बाही वर करा."

"फाईलमध्ये आहे ते," बिनचूकराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

"फाईलमध्ये असू दे. मी माझ्या हातानं मोजते."

मोजलं. बाईंनी पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं, पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर मोजलं. तिन्ही आकडे त्यांनी कागदावर एकाखाली एक लिहिले. एकशे शहात्तर, एकशे बाहत्तर, एकशे चौऱ्याहत्तर.

"तीन महिन्यांपूर्वी एकशे अडतीस होतं म्हणे," बाई फाईल बघत म्हणाल्या. "इतका फरक?"

"बाई, तुमचं मशीन जुनं झालंय का?" बायकोनं घाबरत विचारलं. घ्या, पळवाट आयती समोर आली. बाजारातला सगळ्यात भरवशाचा माणूस शेजारी बसला होता. त्यानं नुसती मान हलवली असती तर बाईंच्या यंत्रावर कुणाचा विश्वास राहिला नसता.

बिनचूकरावांना ते जमलं नाही. "मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "तेव्हाही एकशे अडुसष्ट होतं. मग चौसष्ट. मी हात वर करून तिसरा आकडा पाडला आणि तोच लिहायला लावला."

बायकोला आधी कळेचना. मग कळलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तीन महिने मी त्या ठिपक्यासाठी रांगेत बसले. तुम्ही शेजारी बसून सगळ्यांना शिव्या देत होतात. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मला वाटलं, तू घाबरशील..."

"माझ्या दादानं मोजलं नव्हतं हो! त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर रागावू पण शकले नाही. तुम्ही मोजलंत. मोजून लपवलंत!" तिचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. मग गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाल्या, रोज चाला म्हणाल्या, वेळेवर सापडलंय, आवाक्यात राहील, म्हणाल्या. "घरी एक मशीन आणा. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी दाखवा."

"लिहीन," बिनचूकराव म्हणाले. "अगदी नीट लिहीन."

"तुम्ही नाही," बायको म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "बाई, पट्टा कसा बांधायचा ते मला दाखवा. मी मोजणार आणि मीच लिहिणार. आकड्याच्या बाबतीत यांच्या शब्दावर माझा विश्वास नाही."

तीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं, ज्या सोनाराची पायरी त्यांनी सोडली होती, त्यानंही नाही. घरी जाताना रस्ताभर ती दोन पावलं पुढे चालत होती. कोपऱ्यावर औषधवाल्यानं "काय बिनचूकराव!" म्हणून हाक मारली, तर त्यांनी वर बघितलं नाही.

दारापाशी कुलूप उघडताना ते हळूच म्हणाले, "आता माझ्याशी बोलणारच नाहीस का?"

"बोलेन की," ती म्हणाली. "रोज आधी आकडा बघेन, मग बोलेन."