तिसरं फडकं

देवावर दूध ओतायला सगळं गाव पुढे येतं. आमच्या पेठेतल्या जैन देरासरात, म्हणजे मंदिरात, मी रोज सकाळी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून बघतो, ते त्यानंतरचं काम. अभिषेक झाला की मूर्ती तीन फडक्यांनी पुसतात. ओल राहिली तर तिच्यात बारीक जीव जन्मतात आणि पूजेपायीच मरतात. ओतताना माणसाला देव दिसला की पुरे. पुसताना न दिसणारे जीवही दिसावे लागतात.

हे पुसणं वर्षानुवर्षं कांतिकाकांकडे आहे. त्यांनी नुसतं रोखून पाहिलं तरी आमची नदी आटेल. माशांचा विचार करून ते तिकडे बघत नाहीत, इतकंच.

परवा पुसून झाल्यावर त्यांचा पुतण्या किरण, जो देरासराची व्यवस्था बघतो, त्यांना बाहेर घेऊन आला. "काका, मोतीबिंदूमुळे तुम्हाला समोरचा हत्ती दिसत नाही. उद्यापासून मी पुसतो."

"आज तपासून घे. एक थेंब सापडला तर उद्या तू."

किरण नवं फडकं घेऊन आत गेला. बोटांच्या बेचक्या, कोपरांखालच्या खाचा, कानांमागची वळणं, सगळीकडे त्याने ते फिरवलं. तेवढ्यात माझ्या अंदाजाने एक युग उलटलं. काका उपरण्याचं टोक मुठीत आवळून भिंतीला टेकले होते.

फडकं बाहेर आलं ते भाजलेल्या पापडासारखं कोरडं.

काकांनी हात पुढे करून किरणचं कपाळ चाचपलं आणि उपरण्याने त्याचा घाम टिपला.

"इथं राहिलं होतं बघ," ते म्हणाले.