उष्ट्याची बादली

दिशा गायकरचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. आहारशास्त्र शिकलेल्या मुलीने असं म्हटलं की लोक ॲसिडिटीची गोळी सुचवतात. ॲसिडिटी नाही हो. शुद्ध हेवा आहे.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हा दोघींना इंटर्नशिपसाठी माजिवड्याची एकच शाळा मिळाली. मोठी शाळा, सहाशे मुलांचं दुपारचं जेवण तिथल्याच स्वयंपाकघरात शिजायचं. तिथल्या आहारतज्ज्ञ चित्रा मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की त्यांना एक सहायक हवी आहे आणि ती आम्हा दोघींमधूनच घेणार. म्हणजे जागा एक आणि आम्ही दोघी.

मला ती जागा हवीच होती. नोकरी लागली नाही तर मे महिन्यात मालवणच्या काकांनी आणलेलं स्थळ बघायचं, असं कोपरच्या आमच्या घरात ठरून गेलं होतं. दिशाचं तसं काहीच नव्हतं. ती मोहन्याची, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. शेतं गेली आणि त्या जागेवर आता त्यांच्या दोन इमारती उभ्या होत्या. ही बाई स्कूटरवरून यायची, गळ्यात आजीची जाड सोन्याची साखळी. हिला नोकरी कशाला हवी, हा प्रश्न मी रोज सकाळी मनात विचारायचे.

बरं, हुशार म्हणावी तर मार्क माझ्यापेक्षा कमी. कॅलरी बोटांवर मोजायची. डोक्यावरची टोपी कायम एका कानावर. पण मुख्य स्वयंपाकीण हौसाबाई, ज्या माझ्याशी ‘बाजूला हो’ एवढंच बोलायच्या, त्यांना ती पहिल्या दिवशी ‘आत्ये’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी तिच्या हातावर गरम नारळाची वडी ठेवली. मी शेजारीच उभी होते. मला वडी आवडते.

आमचं काम असं. प्रत्येकीकडे दोन वर्ग. ती खालच्या मजल्यावर वाढायची, मी वरच्या. मुलागणिक भाजीचा एक डाव, म्हणजे ऐंशी ग्रॅम. जेवणं झाली की उष्ट्याची बादली काट्यावर ठेवायची आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. कमी उष्टं म्हणजे मुलं नीट जेवली. मॅडम बाकी काही बघोत न बघोत, तो आकडा रोज बघायच्या.

दुधीच्या भाजीच्या दिवशी माझी बादली सहा किलो भरली. दिशाची सव्वा किलो.

मी म्हटलं, असेल एखाद दिवस. पण पुढच्या आठवड्यात पडवळ, परत तेच. मी मुलांना दुधीतल्या पोटॅशियमची गोष्ट सांगितली, चित्रं लावली, गाणं म्हटलं. मुलांनी गाणं ऐकलं आणि भाजी टाकली. मॅडम म्हणाल्या, “मृणाल, खालची मुलं खातात, मग वरच्यांनाच काय होतंय?” मला मिरच्या झोंबल्या. ही नक्कीच वजन करण्याआधी उष्टं कुठेतरी लपवते, असं मी ठरवूनच टाकलं. दिशाची एक निळी पिशवी भांड्यांच्या फळीवर असायची आणि त्यात एक मोठा स्टीलचा डबा. आणखी काय पुरावा हवा?

एके दिवशी ती खाली वाढत असताना मी तो डबा उघडला.

आत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. कांदा, लसूण, वर आमसूल. माझ्या आईची असते तशीच. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

शाळेचं स्वयंपाकघर शाकाहारी. मासे-मटण आवारात आणायचं नाही, या नियमावर आम्ही दोघींनी सही केली होती. मी डब्याचं झाकण वर ठेवलं, पण दाबलं नाही. घाईत राहिलं, असं मी पुढे स्वतःला कितीदा सांगून बघितलं. खोटं आहे. मी झाकण दाबलं नाही आणि शेजारचा पंखा सुरू केला.

अर्ध्या तासात वास ऑफिसपर्यंत गेला. मॅडमनी आवाजही चढवला नाही. “दिशा, सही केली होतीस ना?”

“सॉरी मॅडम. मी आत कधी खात नाय. बाहेर स्कूटरवर बसून खाते.”

“आणलंस ना पण.”

कॉलेजने उरलेल्या तीन आठवड्यांसाठी तिला दुसरीकडे पाठवलं. जाताना ती हौसाबाईंच्या पाया पडली. मला म्हणाली, “चल, भेटू.” जागा आता माझीच होती. मी घरी पेढे न्यायच्याच बेतात होते.

मग चारही वर्ग माझ्याकडे आले आणि दुधीच्या दिवशी बादली अकरा किलो भरली. दिशाचीच मुलं, तीच भाजी, हौसाबाईंचाच हात. मॅडमनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “अशाने मला बाहेरून कोणीतरी बघावं लागेल.”

त्या संध्याकाळी मी लाज गुंडाळून ठेवली आणि दिशाला फोन केला.

“अगं, त्यात काय?” ती म्हणाली. “तू एकदम डावभर घालतेस. पोरगं ताट बघूनच घाबरतं. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत पहिल्याच फेऱ्याला पान भरलं ना, तर म्हाताऱ्या ओरडतात, ‘वारतेस का टाकतेस?’ म्हणजे वाढतेस की फेकतेस. अर्धा डाव घाल. मग तेच पातेलं घेऊन परत फीर आणि तोंडाकडे बघून विचार. दुसऱ्या फेऱ्याला पोरं स्वतः मागतात. ऐंशी ग्रॅमच जातात, मोजून बघ.”

“तू हे कुणाला सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाय.” ती हसली. “तुला जागा मिळतेय ना? बरं झालं. माझीच चूक होती गं. सकाळी घाईत झाकण नीट लावलं नसणार. आई नेहमी ओरडते मला त्यावरून.”

हीच वेळ होती. ‘दिशा, झाकण मी’, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, “थँक्यू.” ती इतकी चांगली आहे याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला, आणि रागसुद्धा आला.

पुढच्या दुधीला मी अर्धा अर्धा डाव वाढला, परत फिरले, तोंडाकडे बघून विचारलं. चारही वर्गांची बादली मिळून अडीच किलो. चित्रा मॅडमनी माझी पाठ थोपटली, शाळेतल्या सगळ्या वर्गांना उद्यापासून असंच वाढायचं म्हणाल्या आणि भिंतीवर लावायच्या सूचनांच्या कागदावर स्वतःच्या सुबक अक्षरात मथळा घातला: ‘मृणाल पद्धत’.

हौसाबाईंनी तो कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं. मी सेलोटेप आणायला गेले.